सात नंबरची गुणगुण

३ फेब्रुवारी

ढग्या,

आधी नमस्कार त्या साहेबांना, जे तुझी पत्रं तुझ्याआधी फोडून वाचतात असं तुझं म्हणणं आहे. साहेब, मी ढग्याची थोरली बहीण. माझं अक्षर गिचमिड आहे, चष्मा लावूनच वाचा. आणि वाचून झालं की पाकीट नीट चिकटवा, नाहीतर आमचा ढग्या उगाच घाबरतो.

आता तू. फोन तू उचलत नाहीस. चुकून उचललास तर "ताई, लाइनवर कोणीतरी आहे" म्हणतोस आणि ऊन-पावसाच्या पुढे बोलत नाहीस. घरी येणं तर त्या सभेपासून बंदच. म्हणून हे पत्र. लिहायची सवय गेलीय, कामावर मी फक्त सही करते, तेव्हा चुका काढत बसू नकोस.

त्या सभेचं एकदाचं बोलून टाकू. "ताई, चल, आमच्या आकाशमित्र मंडळात चहा आहे" म्हणून तू मला नेलंस आणि सरळ माइकसमोर उभं केलंस. "ही माझी बहीण. लष्करी तळाच्या आत कामाला आहे. आत काय लपवलंय ते आज तिच्याच तोंडून ऐका!" अरे शहाण्या, काय लपवलंय हे मला तरी ठाऊक हवं ना! समोर तुझे सगळे आकाशमित्र, कोणी पेन उघडून, कोणी मोबाइल उगारून. मला दरदरून घाम फुटला. सुचलं ते बोलले. म्हणाले, मी लढाऊ विमानांच्या ब्रेकच्या छत्र्या घडी करते, विमान उतरलं की शेपटीतून फट्कन उघडते ती छत्री. तुम्ही म्हणता विमानाचं वजनच नाहीसं करायची युक्ती आत लपवून ठेवलीय. मग बिनवजनाच्या वस्तूला थांबवायला एवढी मोठी छत्री कशाला लागते?

लोक हसले. मी हसवायला बोलले नव्हते, पण हसले. मग तू तुझं ते नावाजलेलं रेकॉर्डिंग लावलंस, तळाच्या भिंतीबाहेर उभं राहून टिपलेलं, सात नंबरच्या हँगरमधली गुणगुण. आधी ऊंऽऽऽ, मग धप्प, मग शांत. तुझ्या हिशोबाने ऊं म्हणजे यंत्र चालू झालं, धप्प म्हणजे पृथ्वीची पकड सुटली आणि शांत म्हणजे विमान गेलं वर. एरवी हे ऐकताना माणसं श्वास रोखून बसतात म्हणे. त्या दिवशी मागून कोणीतरी ओरडलं, "छत्री उघडा, छत्री!" तुझे कान लाल झाले. लहानपणापासून तुझं रडू आधी कानात येतं, हे मला एकटीला माहीत आहे.

तू चहा न घेता निघून गेलास. मला तुझी आठवण येते रे. लिहायचं होतं ते एवढंच, बाकी सगळं पाल्हाळ.

तुझी
ताई

ता. क. साहेब, तुमचे गुडघे कसे आहेत? दिवसभर बसून वाचायचं काम वाईट. माझे गुडघे छत्र्या दाबून दाबून कामातून गेले.


१९ फेब्रुवारी

ढग्या,

तुझं कार्ड आलं! आणि तेही उघडं कार्ड! चोरून वाचणाऱ्यांचे श्रमच वाचवलेस. त्यावर ना प्रिय, ना सही. "पॅराशूट वेग थांबवतं, वजन नाही. वजन गेलं तरी वेग राहतोच. तुझा मुद्दा चूक."

नाकाला मिरची झोंबली म्हणून कार्ड घेऊन तशीच आमच्या मॅडमकडे गेले. मॅडम म्हणजे आमच्या विभागाच्या प्रमुख, इंजिनिअर बाई, बोलायला फटकळ. त्यांनी कार्ड उलटसुलट वाचलं आणि म्हणाल्या, "तुमचा भाऊ बरोबर बोलतोय. वजन काढून घेतलं तरी पळणारी गोष्ट पळतच राहते, तिला अडवावंच लागतं."

म्हणजे भरसभेत मी चुकीचं बोलले आणि टाळ्या मला. घे, लेखी देते. साहेब, तुम्ही साक्षीदार.

पण ढग्या, माझं गणित चुकलं म्हणून तुझं सुटत नाही हं. छत्री राहू दे बाजूला. इंधनाचे टँकर रोज सकाळी ओळीने उभे असतात, ते कोणाच्या पोटात जातात? टायर घासून घासून सालं निघालेली रोज परत येतात, ती कशाने? प्रत्येक उड्डाणाआधी कुठे किती वजन चढवलं याची आकडेमोड करायला एक माणूस ठेवलाय, बिचारा केस उपटत बसतो. वजन नाहीसं करता येत असतं तर पहिली सुट्टी त्याला मिळाली असती.

आणि गुपित म्हणतोस? अरे, आमच्या खोलीत कोणाकडे पाळणा हलणार हे जेवणाच्या सुट्टीत कळतं, आणि चहापर्यंत गेटवरच्या पहारेकऱ्याला ठाऊक असतं. ही माणसं पृथ्वीला हरवल्याचं पोटात ठेवतील?

सात नंबरचं विचारशील, तर मला माहीत नाही. खरंच नाही. तिथे माझं काम नाही, आणि दुसऱ्याच्या विभागात नाक खुपसायची आमच्याकडे पद्धत नाही. गुणगुण मीही कधीकधी लांबून ऐकते. आता बघ गंमत, "माहीत नाही" म्हटलं की तू डोळे मोठे करतोस. "नाही" म्हटलं की लोकांना सांगतोस, "बघा, तिला शपथ घातलीय." मग मी बोलू तरी काय?

एक मात्र कबूल. तू हे सगळं का मानतोस ते मला कळतं. तू नवीन नवीन लिफ्टच्या कामाला लागलास तेव्हा मला एका उंच इमारतीच्या गच्चीवरल्या मशिनच्या खोलीत नेलं होतंस. एका हाताने दांडा ओढून ब्रेक सोडवून धरलास आणि मला म्हणालास, "फिरव ते चाक." मी फिरवलं आणि दहा माणसांची लिफ्ट माझ्या दोन हातांनी सरकली! "पलीकडे बरोबरीचं वजन टांगलं की जड असं काही राहतच नाही, ताई. कोणीतरी हे सगळ्या जगासाठी शोधून काढलंच असेल." तेव्हाचं तुझं तोंड मला अजून दिसतं. पण तू तुझं वजन दोराला टांगतोस, बाळा. विमानाचं कुठे टांगलंय?

तुझी
ताई

ता. क. पुढचं कार्ड पाठवलंस तर निदान "ताई" एवढं तरी लिही. दोन अक्षरांना शाई काय लागते?


६ मार्च

ढग्या,

हे नीट वाच. साहेब, तुम्ही भरभर वाचलं तरी चालेल.

मी महिनाअखेर निवृत्त होतेय. आमच्याकडे जाणाऱ्या माणसांना शेवटच्या दिवशी घरचं एक माणूस आत आणता येतं. एकच. विभाग दाखवतात, चहा देतात, फोटो काढतात. तुझे भाऊजी म्हणाले, "मी तुला गेली इतकी वर्षं गेटवर सोडतोय, आत काय असेल याची मला अजिबात उत्सुकता नाही. ज्याला आहे त्याला ने." शहाणा माणूस आहे, मी त्याच्या तोंडावर म्हणत नाही.

तर तू ये.

तुला हरवायला बोलावत नाहीये. मला तुला माझी घडी दाखवायचीय. मोठी छत्री लांब टेबलावर कशी पसरतात, उजेडात धरून जळलेलं, फाटलेलं कसं शोधतात, पट्टीवर पट्टी कशी ठेवतात, आणि मग गुडघे रोवून एवढ्याशा पिशवीत ती कशी कोंबतात. तिच्या डोक्यावर एक पिल्लू छत्री असते, आधी ती उडी मारते आणि मोठीला ओढून काढते. घडी चुकली तर छत्री उघडत नाही आणि विमान धावपट्टी सोडून शेतात जातं. माझं एकही गेलं नाही. हे आपल्या घरातल्या कोणी बघितलेलंच नाही. आई-बाबा होते तोवर परवानगी नव्हती, आता परवानगी आहे तर तू बोलत नाहीस.

आलास तर मला फार बरं वाटेल. नाही आलास तर मी तो पास कोणालाही देणार नाही, एकटीच चहा पिऊन येईन, आणि मग आपलं कायमचं असंच राहील की काय याची मला भीती वाटते. घे, सांगितलं.

अटी दोन. मोबाइल गेटवर ठेवावे लागतात, आणि पहारेकऱ्यांना "तुम्हाला सत्य माहीत आहे का" असं विचारायचं नाही.

तुझी
ताई


२२ मार्च

ढग्या,

तुझं उत्तर नाही, पण तुझ्या बायकोचा फोन आला. तिला लाइनवर कोण आहे याची पर्वा नाही, भाजीच्या दुकानातून ओरडून बोलत होती. म्हणाली, "वन्सं, कालपासून निळ्या शर्टाला तीनदा इस्त्री झालीय. विचारलं तर म्हणतात, सहज."

मी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "सहज तीनदा कोणी इस्त्री करत नाही."

मी काही म्हणत नाही. तो सहजचा शर्ट घालून तू सहजच ये.

ताई


२ एप्रिल

साहेब,

आजचं पत्र तुम्हाला. पत्ता ढग्याचाच टाकलाय, कारण तुमचा मला कुठे ठाऊक आहे. पण तो दोन दिवस झाले बोलत नाहीये, माझं पत्र फोडेल असं वाटत नाही, आणि तुम्ही इतके दिवस ही गोष्ट वाचत आलात, तर शेवट तुम्हाला कळायला नको का?

तो आला. निळा शर्ट, कडक इस्त्री. गेटवर त्याने दोन मोबाइल आणि एक रेकॉर्डर काढून दिला. मग पहारेकऱ्याने खिसा चाचपला तर आतून निघाला ओळंबा! दोरीला पितळी गोळा, लिफ्टचे रूळ सरळ उभे आहेत का ते बघायचा. "हे कशाला?" तर आमचे बंधुराज म्हणतात, "सवय आहे." मला कळलं कशाला ते. सात नंबरपाशी पृथ्वीची ओढ तिरकी होते का, ते त्याला मोजायचं होतं. पहारेकऱ्याने ओळंब्याकडे पाहिलं, ढग्याकडे पाहिलं आणि सोडलं.

आम्ही आत निघालो. मी म्हटलं, "चहा आधी, मग माझी खोली." तो म्हणाला, "हं." कित्येक महिन्यांनंतर मिळालेलं पहिलं हं, मी तेवढ्यावर खूश.

आणि चहा कुठे होता सांगू? सात नंबरमध्ये! दुसरं कुठलं हँगर रिकामं नव्हतं म्हणून. मला सकाळपर्यंत पत्ता नव्हता, शपथेवर सांगते, साहेब. ढग्याने माझ्याकडे असं पाहिलं की मीच काहीतरी बेत रचलाय.

आत काय होतं म्हणाल, तर टायरांचे ढीग, लाकडी खोकी, वर माळ्यावर आणखी खोकी, कोपऱ्यात माळ्यावर सामान नेणारी एक जुनी लिफ्ट आणि मध्ये आमची चहाची टेबलं. ढग्याने गुपचूप ओळंबा सोडला. सरळ. चार पावलं जाऊन परत सोडला. सरळ. एका टायरवर बसलेली कोणाचीशी आजी म्हणाली, "बाळ, भिंत बांधतोयस का?"

तेवढ्यात खुर्च्या कमी पडल्या. कोणीतरी माळ्यावरच्या खुर्च्या उतरवायला लिफ्टचं बटण दाबलं.

ऊंऽऽऽ.

तिथल्या लोकांना रोजचंच, कोणी मान वर केली नाही. पण ढग्याने ओळंबा मुठीत गुंडाळला आणि मान वाकडी करून ऐकायला लागला. ऊंऽऽऽ चालूच. मग धप्प. मग शांत. आणि लिफ्ट हळूच हलली.

साहेब, हा माणूस सव्वीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करतोय. लोक फोनवरून नुसता आवाज ऐकवतात आणि हा सांगतो कुठला भाग गेलाय. आणि हाच आवाज त्याने भिंतीबाहेर उभं राहून टिपला, शेकडो लोकांना ऐकवला, त्यावर भाषणं दिली! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. माझ्या पोटात हसू आलं होतं. पण त्याचे कान लाल झालेले दिसले आणि ते जागच्या जागी विरलं.

तो अगदी हळू म्हणाला, "ब्रेक. मोटर ओढतेय आणि ब्रेक सुटत नाहीये. मग एकदम सुटतोय."

आमच्या मॅडम मागेच उभ्या. "काय म्हणालात? आम्ही कंपनीच्या माणसाला कितीदा बोलावलं, तो येतो, तेल घालतो आणि जातो."

"तेलाने काय होणार? ब्रेकची स्प्रिंग गरजेपेक्षा जास्त आवळलीय," ढग्या म्हणाला. इतका वेळ तोंडातून जेमतेम एक हं निघालं होतं, आता थांबेना. "असं चालवलंत तर एक दिवस मोटर जळेल, नाहीतर ब्रेक घासून संपेल आणि लिफ्ट खुर्च्यांसकट खाली येईल. लिफ्ट नुसती वर नेऊन चालत नाही, मॅडम, धरून ठेवता आली पाहिजे."

मॅडमनी हत्यारांची पेटी मागवली. ढग्याने निळ्या शर्टाच्या बाह्या दुमडल्या, ओळंबा माझ्या हातात दिला आणि शिडी चढून वर गेला. मॅडम स्वतः खाली मेन स्विचपाशी उभ्या. चहा गार झाला, पण कोणी हललं नाही. तो उतरला तेव्हा शर्ट पुसण्याच्याही पलीकडे गेला होता. म्हणाला, "दाबा."

लिफ्ट वर गेली. आवाज नाही, धप्प नाही, काही नाही. पाण्यावर होडी सरकावी तशी. ती टायरवरची आजी म्हणाली, "अगबाई, गेली पण?" आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मला इतका अभिमान वाटला, साहेब. मी सगळ्यांना सांगत सुटले, माझा भाऊ, माझा धाकटा भाऊ. आणि तोंडातून निघून गेलं, "बघ ढग्या, सात नंबरमध्ये जड वस्तू आवाज न करता वर जाते, हे आता खरं झालं. ती युक्ती तूच बसवलीस!"

लोक हसले. परत हसले. उचलली जीभ लावली टाळ्याला, ही माझी जुनीच खोड. तो नळापाशी गेला. हात धुतले, मॅडमना नमस्कार केला, मला म्हणाला, "निघतो." माझी खोली, माझी घडी, काही न बघता गेला. मी शेवटची छत्री एकटीने घडी केली, सही केली, आणि घरी येऊन रडले. ओळंबा माझ्याच हातात राहिला होता. आता स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलाय.

साहेब, तुम्ही हे पत्र त्याच्यापर्यंत जाऊ दिलंत, तर त्याला सांगा, ताईला आधी खरंच ठाऊक नव्हतं. आणि लोक तुला नाही, मला हसत होते. हे मात्र त्याला पटणार नाही, कारण मलाही पटत नाही.

आपली
ढग्याची ताई


२१ एप्रिल

ढग्या,

तुझं पत्र आलं. पत्र! पाकिटातलं, चांगलं जाडजूड. मी ते हातात धरून आधी ह्यांना चहा टाकायला लावला, मग फोडलं.

मंडळात तू स्वतः रेकॉर्डिंग लावलंस आणि स्वतःच सांगितलंस, "हा लिफ्टचा ब्रेक आहे. तो मी दुरुस्त केला, आता ही गुणगुण पुन्हा ऐकू येणार नाही." हे वाचून मी खुर्चीतून उठले. मला जमलं नसतं. ज्या तोंडाने वर्षभर भाषणं दिली त्याच तोंडाने तिथेच उभं राहून असं सांगायला छाती लागते. तू लिहितोस, निम्मे लोक उठून गेले. तुमच्या मंडळाचे खजिनदार उभे राहिले आणि म्हणाले, "फोडलं! याला आतल्यांनी फोडलं. दुरुस्तीच्या नावाखाली आवाज बंद केला, बघा!" तू नाही म्हणालास, तर म्हणे, "नाही म्हणतोय, म्हणजे नक्कीच!"

ढग्या, मी इतकी हसले की ह्यांना वाटलं ठसका लागला. मग तुझं पुढचं वाक्य आलं, "ताई, खरं खरं नाही म्हणायचं आणि कोणी मानायचं नाही, हे कसं असतं ते मला आत्ता कळलं." तिथे माझं हसू थांबलं. बरं वाटलं, पण हसू थांबलं.

तू लिहिलंयस, दुसऱ्या कुठल्या तळावर ती युक्ती नसेलच असं नाही. नसेलच असं मीही म्हणत नाही. वजन नसलेलं विमान खरंच कोणी दाखवलं तर पहिली टाळी माझी, कारण त्या आकडेमोडवाल्या बिचाऱ्याला सुट्टी मिळेल. पण तोवर आवाज आला की आधी ब्रेक तपासायचा, एवढं ठरवून टाकू. मंडळात जे निम्मे उरलेत त्यांनाही सांग. त्यातले तिघे तुला आपापल्या इमारतींच्या लिफ्ट दाखवायला नेतायत हे वाचून बरं वाटलं. हे आकाशमित्र कामाचे दिसतात.

"तुझी घडी बघायची राहिली," असं लिहिलंस. तळावर आता मलाही कोणी आत घेणार नाही. पण घरात मोठी चादर आहे आणि जेवणाचं टेबल लांब आहे. पिल्लू छत्री म्हणून ह्यांचा रुमाल घेऊ. गुडघे मात्र तुझे लागतील, आता तू दाब. तुझा ओळंबाही इथेच आहे, तो टांगला तेव्हा कळलं की आपल्या स्वयंपाकघराचं दार तिरकं आहे. हे म्हणतात, इतकी वर्षं सुखात होतो, कशाला टांगलास.

आणि आता तुझ्या पत्राची सुरुवात. पाकीट उघडलं तर सगळ्यात वर तुझ्या अक्षरात, "साहेब, पहिलं पान तुम्ही वाचा. दुसरं पान वाचू नका, ते फक्त ताईसाठी आहे."

साहेबांनी वाचलेलं दिसत नाही. दुसऱ्या पानाची घडी सरळ होती, पट्टीवर पट्टी, कोपऱ्याला कोपरा. मला घडीतलं कळतं.

ते पान मी तीनदा वाचलं. त्यात काय आहे ते मी ह्यांना सांगितलं नाही, इथेही लिहीत नाही. इतकी वर्षं तळावर काम केलं, पण सांभाळायला गुपित म्हणून मला पहिल्यांदाच काही मिळालंय.

फक्त उत्तर देते. हो. मी पण.

रविवारी ये.

तुझी
ताई